चिखलातला हिशेब

मृगाचा पहिला पाऊस पडून दोन दिवस झाले होते. साल १९७९. खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवीत होतो. नोकरीचे ते दुसरेच वर्ष. नववीच्या वर्गात फळ्यावर मी एक शिडी काढली होती. तळाशी भाताचे रोप, त्यावर रोपाचा रस शोषणारे तुडतुडे, त्यावर बेडूक, त्यावर साप आणि सर्वांत वर घार. प्रत्येक पायरीसमोर आकडे मांडले होते: १०,०००, १,०००, १००, १० आणि १. पुस्तकात होते तसे मी सांगितले, "एका पायरीवरून वरच्या पायरीवर दहा टक्केच ऊर्जा पोहोचते. उरलेली नव्वद टक्के वाया जाते. हा लिंडेमन यांचा नियम."

मागच्या बाकावरून एक मुलगा उभा राहिला. "सर, मग मधला बेडूकच काढून टाकला तर त्याचे ते नव्वद टक्के आपल्याला मिळतील की!"

वर्ग हसला. हसण्याचे कारण सगळ्यांना ठाऊक होते. आदल्या रात्री निम्मा वर्ग गॅसबत्त्या घेऊन शेतात उतरला होता, आणि पहाटे घाटाखालून आलेल्या व्यापाऱ्याच्या गाडीत बेडकांची पोती चढली होती. मी त्या मुलाला म्हणालो, "हे परीक्षेत येणार नाही. खाली बस."

उत्तर येत नव्हते, हे एक कारण. दुसरे कारण मी तेव्हा कोणालाच सांगितले नाही. नऊ वर्षांपूर्वी माझी एसएसएलसीची फी त्याच पोत्यांतून भरली गेली होती.

वाचकहो, हा लेख म्हणजे त्या मुलाला दिलेले उशिराचे उत्तर आहे. ते द्यायचे तर आधी त्या शिडीचा इतिहास सांगायला हवा. पुस्तकात एका ओळीत उरकलेला हा नियम कोणाच्या हातून, कसा आणि किती मोल देऊन आला, हे मलाही फार पुढे कळले. धारवाडला एका प्रशिक्षण वर्गासाठी गेलो असता तिथल्या ग्रंथालयात एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ हाती लागला, आणि त्यात लिंडेमन नावाचा माणूस प्रथमच भेटला. तोवर ते माझ्या लेखी केवळ एक नाव होते.

मोठा मासा लहान माशाला खातो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. 'मत्स्यन्याय' हा शब्द आपल्या राजनीतीच्या ग्रंथांत शतकानुशतके आहे. आमच्या शाळेच्या भिंतीपलीकडे कानडी शाळा भरे. तिथे हीच शिडी 'आहार सरपळी' म्हणून शिकवीत, आमच्याकडे 'अन्नसाखळी' म्हणून. कोण कोणाला खातो याबद्दल दोन्ही शाळांचे एकमत होते! पण वरच्या पायरीवरचे प्राणी नेहमी थोडेच का, हा प्रश्न वेगळा आहे. रानात हरणे शेकडो आणि वाघ एखादाच, असे का?

हा प्रश्न नीट मांडला तो चार्ल्स एल्टन या इंग्रज तरुणाने. १९२१ साली ऑक्सफर्डच्या एका मोहिमेबरोबर तो उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेनला गेला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. तिथे जीवजाती इतक्या थोड्या की कोण काय खातो याचा नकाशा कागदावर काढता येत होता. त्याने तो काढला. पुढे १९२७ साली प्राण्यांच्या परिसरशास्त्रावर त्याचे पुस्तक आले. अन्नसाखळीची कल्पना आणि संख्येचा मनोरा, म्हणजे खाली पुष्कळ आणि वर थोडे ही मांडणी, त्या पुस्तकामुळे शास्त्रात रुजली. पण एल्टन मोजत होता ती डोकी. एका झाडावर हजारो किडे असतात; तिथे डोकी मोजली तर मनोराच उलटा होतो. झाड आणि किडा एकाच मापाने मोजायचे तर ते माप कोणते?

ते माप लावले रेमंड लिंडेमनने. जन्म २४ जुलै १९१५, अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील एका शेतकरी घरात. मिनेसोटा विद्यापीठात डॉक्टरेटसाठी त्याने विषय निवडला तो सीडर बॉग नावाच्या तळ्याचा. मिनियापोलिस शहराच्या उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवर असलेले हे तळे पाहायला कोणी मुद्दाम जावे असे नव्हते. पाणी जेमतेम एक मीटर खोल, खाली गाळच गाळ, हळूहळू भरत जाऊन दलदल होऊ घातलेले. सुमारे पाच वर्षे तो या तळ्यापाशी येत राहिला. पाणवनस्पती तोडायच्या, वाळवायच्या, तोलायच्या. पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव मोजायचे. गाळ चाळून त्यातल्या अळ्या वेचायच्या. हिवाळ्यात तळे गोठले की बर्फाखाली प्राणवायू नसताना त्या अळ्या जगतात कशा, हेही पाहायचे. या कामात त्याची पत्नी एलिनॉर त्याच्या बरोबरीने राबली.

त्याने या तळ्याच्या अन्नजाळ्याची जी आकृती काढली, तिच्या मध्यभागी मासा नाही, वनस्पतीही नाही. मध्यभागी गाळ आहे. मेलेले, कुजलेले, न खाल्लेले सारे शेवटी तिथे येते आणि तिथूनच सूक्ष्म जीवांच्या हातून पुन्हा वाटेला लागते. भातशेतीत वाढलेल्या माणसाला हे चित्र लगेच पटते. चिखलणी झालेल्या वाफ्यात पाय बुडवून ज्याने रोप लावले आहे, त्याला चिखल म्हणजे घाण असे कधी वाटत नाही.

लिंडेमनने प्राण्यांची डोकी मोजणे सोडले. झाड असो वा किडा, प्रत्येकाच्या शरीरात सूर्याची किती ऊर्जा साठली, हे त्याने कॅलरीत मांडले. वर्षभरात तळ्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ लाख १९ हजार कॅलरी ऊन पडते. त्यातले वनस्पतींनी धरून ठेवले सुमारे १११, म्हणजे हजारातले एक. त्यातले वनस्पती खाणाऱ्या प्राण्यांकडे गेले सुमारे १५. आणि या प्राण्यांना खाणाऱ्यांकडे पोहोचले सुमारे ३. एक लाख एकोणीस हजारांतून उरले तीन! वाघ थोडे का, याचे उत्तर एका चिखलाळ तळ्याने दिले होते. वरच्यांसाठी उरतेच इतके.

१९४१ साली डॉक्टरेट घेऊन लिंडेमन येल विद्यापीठात जी. एव्हलिन हचिन्सन यांच्याकडे गेला. हचिन्सन यांचा आपल्या देशाशीही संबंध आहे. १९३२ साली येलच्या मोहिमेबरोबर येऊन त्यांनी लडाखमधील सरोवरांचा अभ्यास केला होता. लिंडेमनने आपल्या प्रबंधाचे शेवटचे प्रकरण त्यांच्याशी चर्चा करून पुन्हा लिहिले आणि 'इकॉलॉजी' या नियतकालिकाकडे धाडले. तिथे पॉल वेल्च आणि चॅन्सी जुडे या तळ्यांच्या दोन ज्येष्ठ अभ्यासकांनी लेख छापू नये असे मत दिले. एकदोन तळ्यांवरून असले सिद्धांत मांडता येत नाहीत, आधी पुष्कळ तळी मोजा, असे त्यांचे म्हणणे. त्यातला योगायोग असा की, तुलनेसाठी लिंडेमनने मेंडोटा सरोवराचे जे आकडे घेतले होते, ते याच जुडे यांच्या मोजणीतले होते. म्हाताऱ्याने आयुष्यभर मोजले, आणि त्या मोजणीचा अर्थ पंचविशीतला पोर सांगू लागला! पण जुडे यांची शंका अगदीच चुकीची नव्हती, हे पुढे येईलच.

हचिन्सन यांनी संपादक थॉमस पार्क यांना लेखाची बाजू मांडणारे पत्र लिहिले. पार्क यांनी परीक्षकांचे मत बाजूला ठेवून लेख घेतला. खरेखोटे काय ते काळच ठरवील, असा त्यांचा सूर होता. पण लिंडेमनकडे काळ नव्हता. यकृताच्या आजाराने २९ जून १९४२ रोजी तो गेला. सत्ताविसाव्या वाढदिवसाला महिनाही उरला नव्हता. लेख छापून आला तो ऑक्टोबर १९४२ मध्ये. आपल्याकडे तेव्हा चले जावचे दिवस होते, जगात महायुद्ध पेटले होते. चिखलाच्या तळ्यावरच्या वीसेक पानांकडे पाहायला सवड कोणाला? हचिन्सन यांनी लेखाच्या शेवटी आपल्या या तरुण सहकाऱ्याविषयी एक टिपण जोडले. शास्त्रीय नियतकालिकात मृत्युलेख असा लेखाला चिकटून यावा, हे वाचताना मला फार लागले.

आता त्या 'दहा टक्क्यां'विषयी. मूळ आकडे पाहिल्यावर मी चपापलो. सीडर बॉग तळ्यात पहिल्या भक्षकांची टक्केवारी आहे १३.३ आणि दुसऱ्यांची २२.३. मेंडोटा सरोवरात ८.७, ५.५ आणि १३. नेमके दहा कुठेच नाही! पुढे १९५७ साली हॉवर्ड ओडम यांनी फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्याचा वर्षाचा हिशेब मांडला. तिथे दर चौरस मीटरमागे वनस्पतींनी साठवले २०,८१० किलोकॅलरी. त्यांच्यावर जगणाऱ्यांकडे गेले ३,३६८. पुढच्या भक्षकांकडे ३८३. आणि शेवटच्यांकडे २१. टक्केवारी काढली तर सुमारे १६, ११ आणि ५. म्हणजे दहा टक्के हा निसर्गाने घालून दिलेला नियम नव्हे. पाचापासून विसापर्यंत इकडेतिकडे होणाऱ्या आकड्यांची ती सोयीची गोळाबेरीज आहे. जुडे यांचा आग्रह या अर्थाने रास्त होता. मी मात्र तो आकडा वर्षानुवर्षे फळ्यावर देवाच्या शब्दासारखा लिहीत आलो होतो.

आणि आकड्यापेक्षा माझी मोठी चूक वेगळीच होती. ती होती 'वाया' या शब्दात.

ते नव्वद टक्के जातात कुठे? काही भाग वरचा प्राणी खातच नाही. तो मरून गाळात जातो आणि विघटक जीवांचे अन्न होतो. काही खाल्ला जातो पण पचत नाही. तोही विष्ठेवाटे गाळातच जातो. आणि मोठा भाग जातो तो त्या जीवाच्या जगण्यात: श्वास, हालचाल, शरीराची दुरुस्ती. शेवटी त्याची उष्णता होऊन ती हवेत विरते आणि परत कोणाच्या हाती लागत नाही. खत, माती, पाणी फिरून येते. ऊर्जा फिरून येत नाही. म्हणून सूर्याला रोज उगवावे लागते.

बेडकाने मारलेली उडी, पावसात रात्रभर केलेले डराव डराव, घातलेली हजारो अंडी, यांतले पुष्कळसे त्या नव्वद टक्क्यांतूनच होते. सापाच्या दृष्टीने ते वाया गेले. बेडकाच्या दृष्टीने तोच त्याचा संसार. वर बसून खाली पाहिले की खालच्याचे सारे जगणे आपल्याला 'गळती' वाटू लागते. मी वर्गात नेमके तेच शिकवले होते.

आता त्या पोत्यांकडे वळतो. आमच्याकडचा मोठा बेडूक, शास्त्रज्ञ ज्याला भारतीय बैलबेडूक म्हणतात तो, उन्हाळाभर मातीत दडून असतो आणि पहिल्या जोरदार पावसाला वर येतो. नर त्या दिवसांत पिवळेधमक होतात. जोडीदारीण शोधायला ओरडत असतात, त्यामुळे सापडायला सोपे. आम्ही पोरे त्याच रात्री त्यांना धरीत असू. शेजारच्या शेताचे मालक कानडी बोलणारे; आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ते बांधावर उभे राहून ओरडायचे, "बेडकं नेलासा तर खेकडं कोण खाणार रे?" खेकडे बांध पोखरतात, आणि मोठा बेडूक लहान खेकडेही खातो, एवढे त्यांना कोणत्याही पुस्तकाविना ठाऊक होते. आम्ही हसायचो. म्हणजे बघा, आम्ही व्याज उचलत नव्हतो, मुद्दल उचलत होतो. पुढच्या वर्षीचे बेडूक त्याच पोत्यात, अंडी घालण्याआधीच, जात होते.

हा धंदा लहान नव्हता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतातून वर्षाला चार हजार टनांहून अधिक बेडकांच्या तंगड्या युरोप-अमेरिकेत जात होत्या. घ्यायच्या त्या फक्त मागच्या दोन तंगड्या; उरलेले टाकून द्यायचे. १९८५ साली या बेडकाचे नाव आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेले. त्याच वर्षी हुमायून अब्दुलअली यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या निर्यातीवर सविस्तर लेख लिहिला. १९८७ साली भारत सरकारने निर्यात पूर्ण बंद केली. मागणी मात्र थांबली नाही. ती इंडोनेशियासारख्या देशांकडे वळली. आणि गोव्यात पहिल्या पावसाला चोरून बेडूक धरणे बंदीनंतरही चालूच राहिले.

आता त्या मुलाचा प्रश्न. मधला बेडूक काढला तर त्याची ऊर्जा आपल्याला मिळेल का?

नाही, आणि त्याची कारणे शिडीतच आहेत. बेडूक आपल्या आणि भाताच्या मध्ये उभाच नाही. भात आणि माणूस ही दोनच पायऱ्यांची साखळी. बेडूक आहे दुसऱ्या साखळीत. आपल्याच भातावर जगणाऱ्या किड्यांच्या डोक्यावर. तो काढला की त्याच्या वाट्याची ऊर्जा किड्यांपाशी राहते. तुडतुडे नि खोडकिडा आपण खात नाही; ते मात्र आपला भात खातात. शिवाय बेडूक थंड रक्ताचा. शरीर ऊबदार ठेवण्यासाठी पक्षी आणि सस्तन प्राणी इतके खर्चतात की पचवलेल्या ऊर्जेतले जेमतेम एक ते तीन टक्केच त्यांच्या अंगी मांस म्हणून लागते. बेडकाला हा खर्च नाही. म्हणून खाल्ल्यातले कितीतरी अधिक त्याच्या अंगी लागते. थोड्या किड्यांवर अनेक बेडूक पोसले जातात, आणि एका शेतात इतके राखणदार राहू शकतात ते याचमुळे.

तिसरे कारण मला सर्वांत उशिरा उमगले. पायरीमागे दहा धरून ढोबळ हिशेब केला, तर एक किलो बेडकाच्या मागे दहा किलो किडे आणि शंभर किलो हिरवे असते. आम्ही किलोकिलोने विकत होतो तो एवढ्या हिरव्याचा अर्क. मेलेला बेडूक शेतातच राहता तर चिखलात जाऊन पुढच्या रोपाला लागला असता. तोही पोत्यात भरून समुद्रापार गेला. ऊर्जा तशीही जाणारच होती. आम्ही चिखलाचे देणेही दिले नाही.

एक सांगायला हवे. बेडूक गेले म्हणूनच कीड वाढली, असे एकट्या कारणावर बोट ठेवणे बरोबर होणार नाही. त्याच काळात नवी वाणे आली, रासायनिक खते आली, फवारे आले; फवाऱ्यांनी किड्यांबरोबर बेडूकही मारले. शेत ही शिडी नाही, जाळे आहे. एक धागा ओढला की कुठले गाठोडे सुटेल हे आधी सांगता येत नाही. पण धागा ओढणाऱ्यांत माझा हात होता, हे मला माहीत आहे.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी एका लग्नात तो मागच्या बाकावरचा मुलगा भेटला. आता तोही साठीकडे झुकलेला, केस पांढरे, गावातच शेती करतो. पंगतीला शेजारी बसलो. मी म्हणालो, "तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर राहिलंय माझ्याकडं," आणि जेवता जेवता हे सारे सांगितले: तळे, लिंडेमन, गाळ, नव्वद टक्के. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग भात कालवत म्हणाला, "सर, ते मला केव्हाच कळलंय. औषधाच्या दुकानात दर साली बिल भरतोय की मी."

मी गप्प बसलो. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "पण त्या पोराला सत्ताविसावंही लागलं नाही म्हणता?"

"नाही."

"आणि ते तळं?"

"आहे अजून. भरत चाललंय."

त्याने मान हलवली. वाढप्याला थांबवून त्याने माझ्या पानात आणखी एक मूद वाढायला लावली. मी नको म्हणालो नाही. त्या पानावरचा एकही कण त्या दिवशी मी टाकला नाही.